तोर्श्याला जायला पास लागायचा

आम्हीही जायचो परदेशात.
ऋजुता, हसू नकोस.
बांद्याहून बैलगाडीने, सकाळची पेज पिऊन,
दुपारच्या जेवणाला परदेशात.

पत्रादेवीला आडवा बांबू.
अलीकडे आपला खाकी जमादार,
पलीकडे दुसऱ्याच रंगाच्या टोपीत यशवंतकाका,
सख्ख्या मावशीचा नवरा.
तोही आईला नाव विचारायचा, बापाचं नाव, कशाला आलात.
वहीत लिहायचा, शिक्का मारायचा,
मग मान न उचलताच म्हणायचा,
सुंगटं आणलीत, बिगीबिगी चला.

मावशीकडे चीज डब्यातून निघायचं.
साबणाचा वासच मुळी बोटीने आलेला.
परतताना आईच्या झंपरच्या शिवणीत एक घड्याळ,
माझ्या फ्रॉकच्या घेरात दोन,
आणि कानाशी ताकीद:
टिकटिक ऐकू आली तर खोक.
शाळेत मी सांगायचे,
परदेशाची हवा मला मानवत नाही.

शेवटच्या सुट्टीत बांबूपाशी नवा शिपाई होता.
मोझांबिकचा, काका म्हणाला.
ते कुठं आहे हे काकालाही ठाऊक नव्हतं.
इतका उंच, की संध्याकाळी त्याची सावली
पास न काढता आमच्या बाजूला पडायची.
नाव आल्बेर्तू. असेल वीसेक वर्षांचा.
बंदूक फणसाला टेकवून
मावशीच्या न्हाणीमागे बसून कोकमं खायचा,
आंबट लागलं की डोळे मिटून घ्यायचा.
बोटाने मातीत नदी काढायचा,
नदीकाठी घर, घरापुढे शेळी.
मी शेळीला शिंगं काढून दिली.
आम्ही दोघंही परदेशात होतो,
सुट्टी फक्त माझी होती.

तू विचारतेस, देशाने सैन्य ठेवावं का.
म्हापशाच्या कॉलेजात वादविवाद,
तीन मिनिटं, मग घंटा.
कोस्टा रिकाचं सांगतेस:
पंच्याहत्तर वर्षं उलटली, सैन्यच नाही,
ते पैसे शाळांना गेले.
चांगलं आहे. लिही.

पण पंचावन्नच्या पंधरा ऑगस्टला
त्याच बांबूकडे रिकाम्या हातांची माणसं चालत गेली,
त्यातल्या एकाला आमच्या ओसरीवर आणून निजवलं,
हेही लिही.
सदऱ्याचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं,
सभेला निघाल्यासारखं.
आई रात्रभर विचारत होती, गोळी कुणी झाडली.
तिला नाव हवं होतं.
माझ्याकडे एकच नाव होतं
आणि ते मी तोंडात धरून बसले,
कोकमाच्या बीसारखं.

सहा वर्षांनी सैन्य आलं. आपलं.
दीड दिवसात आटोपलं.
यशवंतकाकाने टोपी विहिरीत टाकली,
मग आठवडाभर त्या विहिरीचं पाणी कुणी प्यायना.
तो आडवा बांबू मावशीने ओढत घरी आणला,
दोन माडांना बांधला.
किती वर्षं त्यावर तुझ्या आजोबांच्या चड्ड्या वाळल्या.
हे सैन्याच्या बाजूने धर.

आल्बेर्तू तेव्हा इथं होता की आधीच गेला,
कुणी सांगितलं नाही.
पुढे त्याच्याही मुलुखात बंदुका निघाल्या,
दहा वर्षं चालल्या.
त्याने कुणाची धरली,
की पुन्हा झाडाला टेकवून ठेवली,
कुठलं झाड असतं तिकडं?
हे कुणाच्या बाजूने धरायचं
ते मला विचारू नकोस.

मोपावरून विमान सुटलं बघ.
तुझी आई दुबईहून येते तेव्हा
घड्याळ मनगटावर घालूनच येते, उघड उघड.
तुझं पहिलं वाक्य काय ठरलं?
म्हण मोठ्याने, मी वेळ लावते.
तीन मिनिटं.

थांब जरा.
मला खोकला आला.